सावित्रीच्या मागे मागे

साताऱ्याचा वीकेंड ठरलेला. कास, ठोसेघर, नाही तर महाबळेश्वर आणि स्ट्रॉबेरी क्रीम. समुद्र म्हटलं की मात्र एकदम गोवा, गणपतीपुळे आणि तीन दिवसांची रजा! का बॉस? आपल्याच डोक्यावरच्या डोंगरातून एक नदी थेट अरबी समुद्राला जाते. शंभरेक किलोमीटरचा तर प्रवास तिचा. तिच्या मागे गाडी घातली की झालं. सावित्री तिचं नाव.

जानेवारीतला शनिवार. मी, एक मैत्रीण आणि स्टिअरिंगवर सांगलीचा मित्र. पाचला सातारा सोडलं. मेढा, केळघरचा घाट आणि सातच्या आत क्षेत्र महाबळेश्वर. मार्केट नव्हे हं! मार्केट म्हणजे माल्कम पेठ. १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वाईजवळचं खंडाळा देऊन गव्हर्नर माल्कमनं हा डोंगर घेतला, त्यानंतरचं ते. क्षेत्र त्याहून कितीतरी जुनं. पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, सगळ्या इथल्याच. कोयना-वेण्णेचं पाणी कृष्णेबरोबर चौदाशे किलोमीटर हिंडून बंगालच्या उपसागराला मिळतं. सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला उतरते.

ती कशी उतरते ते आर्थर सीटवरून बघा. गाइड सांगतात की आर्थर मॅलेट नावाचा साहेब इथे येऊन तासन् तास त्या दरीकडे बघत बसायचा. त्याची बायको आणि मुलगी सावित्रीतच नाव उलटून गेली होती. आपण तिथे टोपी उडवून परत येते का बघतो. (आली!)

आंबेनळी घाटाबद्दल एवढंच सांगते, प्रतापगडाचा फाटा दिसला तरी गाडी वळवू नका. गडाला स्वतःचा एक दिवस द्यावा लागतो. पोलादपूर आलं, नदी आता शेजारून चाललेली. हवा दमट, स्वेटर मागच्या सीटवर.

महाडला चहाला थांबलो. जवळच तो पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात ब्रिटिशांच्या वेळचा पूल कोसळला आणि दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. पुढच्या जूनमध्ये तिथे नवा पूल उभा राहिला. रुंद, गुळगुळीत. आपण गाणं न थांबवता ओलांडतो.

टपरीवाल्या काकांनी भिंतीवर खडूनं एक रेघ ओढून ठेवलेली. माझ्या डोक्याच्या बरीच वर.

‘‘एकवीसचा जुलै,’’ काका म्हणाले.

मित्र ग्लास ठेवून उठला. रेघेला हात पोचतोय का बघितलं. ‘‘आमच्याकडं एकोणीसला जास्त आलतं. आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या वर. आमचा तळमजला पूर्ण गेला.’’

‘‘किती दिवस होतं?’’

‘‘आठ दिवस. तुमच्याकडं?’’

‘‘इथे लवकर उतरतं हो. भरतीवर असतं सगळं. पण चिखल! फ्रिज उघडला तर आतसुद्धा चिखल.’’

‘‘आमच्या कपाटात पण तसाच. लग्नाचे अल्बम होते आईचे.’’

मग दोघं वायरिंग कुणी करून दिलं, भांडी कशानं घासली, पंचनाम्याला माणूस कितव्या दिवशी आला, यावर बोलत राहिले. अर्धा तास! इतक्या वर्षांची आमची दोस्ती, पण अल्बमचं मला त्या दिवशी कळलं. काकांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. ‘‘पाहुणे कृष्णेचे,’’ म्हणाले.

माणगाव, म्हसळा आणि साडेबाराला हरिहरेश्वर. देवळामागचा प्रदक्षिणेचा मार्ग खडकांवरून समुद्राच्या कडेनं जातो. तो ओहोटीतच करायचा, भरतीत नाही. सेल्फीसाठी तर मुळीच नाही! जेवणात सुरमई आणि सोलकढी. नंतर बागमांडल्याची जेट्टी गाठा. हीच ती सकाळची गोमुखातली धार, आता पलीकडचं माणूस ओळखू येत नाही एवढी रुंद. समोर बाणकोट. फेरीबोट गाड्या घेऊन वेसवीला जात होती, आम्ही कठड्यावर बसून दोन खेपा पाहिल्या.

अडीचला निघालंच पाहिजे. जाऊन-येऊन चारशेच्या आसपास किलोमीटर होतात आणि आंबेनळी उजेडातच चढायचा. पावसाळ्यात तर हा प्लॅन विसराच. जुलै २०२१ मध्ये या घाटाचा रस्ताच ठिकठिकाणी वाहून गेला होता. आम्ही साडेपाचला पोलादपूर सोडलं आणि महाबळेश्वरला पोचेपर्यंत स्वेटर पुन्हा अंगात.

‘‘पुढच्या खेपेला कृष्णेच्या मागं जाऊ की,’’ मेढ्याच्या उतारावर मित्र म्हणाला.

‘‘आंध्रापर्यंत? रजा किती शिल्लक आहे तुझी?’’

‘‘सांगलीपर्यंत तर चला. आई जेवायला घालेल.’’