इतिवृत्ताचे पुस्तक कुणाच्या हाती?

सभासद बंधूंनो, वार्षिक सभेत विषय पुरता वाचून व्हायच्या आतच मांडवातून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. आम्हीही तो केला आहे, खोटे कशाला बोला! पण ते ‘मंजूर’ कागदावर कोण उतरवतो आणि कोणत्या शब्दांत, हे आपण कधी पाहिले आहे काय?

आपल्या परभणी जिल्ह्यात आता शेतकरी उत्पादक कंपन्याही निघाल्या आहेत. त्यांना कंपनी कायदा लागतो. लागोपाठ तीन वर्षे उलाढालीची सरासरी ५ कोटींच्या वर गेली, की अशा कंपनीला पूर्णवेळ सचिव नेमावाच लागतो. सभेची नोटीस, इतिवृत्त, भागधारकांची नोंदवही, सरकारकडे जायची विवरणपत्रे, सारे त्याच्याकडे. सभेचे इतिवृत्त ३० दिवसांत पुस्तकात चढलेच पाहिजे. पगार कंपनी देते हे खरे, पण संचालक मंडळाचे पाऊल कायद्याबाहेर पडू लागले तर ‘साहेब, हे बसत नाही’ असे तोंडावर सांगणे त्याच्या कामातच मोडते.

आपला कारखाना सहकारी. त्याला १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा. इथे हे दप्तर कार्यकारी संचालक आणि त्यांच्या हाताखालची मंडळी सांभाळतात. आमचे स्पष्ट मत असे की, ही मंडळी अध्यक्षांची नव्हे, संस्थेची नोकर आहेत. अध्यक्ष बदलतात, दप्तर राहते.

पण नुसते त्यांच्याकडे बोट दाखवून कसे चालेल? कलम ३२ प्रमाणे पोटनियम, ताळेबंद, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेची व संचालक मंडळाची इतिवृत्ते आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी फुकट पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. नक्कल हवी तर लेखी अर्ज द्या, फी भरा. एक महिन्यात ती मिळाली पाहिजे. काट्याची पावती आपण चारदा उलटून पाहतो, नोंदवही एकदाही नाही.

खरे अडते ते वारसांचे. बाप जाऊन दहा वर्षे झाली, ऊस पोराच्या नावाने गव्हाणीत पडतो अन् भाग अजून बापाच्याच नावावर! अर्ज द्या म्हटले तर ‘बघू सुगी झाल्यावर’. मग निवडणुकीची यादी लागली की पोरगा कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. यंदा मागील सभेचे इतिवृत्त ‘वाचले असे समजून’ पुढे न जाता ते मोठ्याने वाचावे, अशी लेखी सूचना आम्ही देणार आहोत. चहाला थोडा उशीर होईल.