सही माझी, शेअर कुणाचे?

मागच्या महिन्यात कर्जतला आमच्या गटाची बैठक होती. बचतीचा हिशेब झाला आणि मिरजगावकडची एक मैत्रीण हळूच म्हणाली, "ताई, माझ्या नावावर शेअर आहेत म्हणे. ते असतात कुठं?" सगळ्या हसल्या. मला हसू आले नाही. हाच प्रश्न मी माझ्या घरात विचारला होता, तेव्हा दिराने उत्तर दिले होते, "वहिनी, तुम्हाला काय करायचंय? सही केली ना, झालं तर!"

ही २०२१ सालची गोष्ट. करोनाने माणसे घरात कोंडली, खरेदी मोबाइलवर गेली आणि मोबाइलवर माल विकणाऱ्या कंपन्या शेअर बाजारात उतरल्या. त्यात नायका होती. फाल्गुनी नायर या बाईने २०१२ साली सुरू केलेली, सौंदर्यप्रसाधने विकणारी कंपनी. १,१२५ रुपयांना दिलेला तिचा शेअर १० नोव्हेंबरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी २,२०० च्या वर बंद झाला. बाईच्या कर्तृत्वाचे कौतुक झाले, ते व्हायलाच हवे. पण गावोगावच्या पुरुषांनी त्यातून वेगळाच धडा घेतला.

नव्या शेअरना मागणी फार असली की लहान गुंतवणूकदारांत सोडत निघते. एका पॅनकार्डावर एकच अर्ज चालतो. मग घरातला हुशार पुरुष काय करतो? आईचे, बायकोचे, भावजयीचे पॅनकार्ड बाहेर काढतो. जितक्या बायका, तितके अर्ज! आमच्या घरात तीन डिमॅट खाती उघडली गेली. सासूबाईंचे, जाऊचे आणि माझे. तिन्हींना मोबाइल नंबर मात्र एकच, दिराचा. ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे.

सोडतीत काही लागले नाही. मग ऑनलाइन खरेदीच्याच एका कंपनीचे शेअर चढ्या भावात जाऊच्या खात्यावर घेतले. पैसे कुठले? तिच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवून आणलेले. भाव घसरला, घाबरून शेअर विकले, पाटल्या काही सुटल्या नाहीत. जाऊला हे कधी कळले? भाचीच्या लग्नात घालायला म्हणून तिने पाटल्या मागितल्या तेव्हा. पाटल्या तिच्या माहेरच्या होत्या. स्त्रीधन बाईचेच, नवरा फार तर त्याचा राखणदार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितले आहे. आमच्या घरापर्यंत तो निकाल अजून पोचलेला नाही.

कुणी म्हणेल, बाजारात चढउतार व्हायचेच. खरे आहे. नायकाने २०२२ साली एका शेअरवर पाच बोनस दिले, तेव्हा मूळ १,१२५ चा भाव हिशेबाने १८७ रुपये ५० पैसे झाला. २०२३ च्या सुरुवातीला शेअर दीडशेच्याही खाली गेला, पुढे पुन्हा वर आला. ज्याला थांबायची ऐपत होती तो तरला. गहाण पाटल्यांवर व्याज चढत असते, तिथे थांबता येत नाही. पण माझे भांडण भावाशी नाहीच. माझे भांडण त्या सहीशी आहे.

मैत्रिणींनो, ही सही आपल्या ओळखीची आहे. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत बाईला राखीव खुर्ची मिळाली, आणि कारभार पाहायला सरपंचपती आला. आता हा डिमॅटपती आला आहे! बाईचे नाव सातबाऱ्यावर लावा म्हटले की वर्षानुवर्षे "बघू" चालते. तेच नाव शेअरच्या अर्जावर लावायला अर्धा तास पुरतो. जिथे तिचा हक्क तिथे तिचे नाव नको, जिथे त्याची सोय तिथे हवे. दौलतीचा हिशेब स्वतः पाहणाऱ्या अहिल्याबाईंचे चौंडी आमच्या शेजारच्या तालुक्यात. २०२४ साली जिल्ह्याला त्यांचे नाव दिले. जिल्ह्यातल्या बाईला तिच्या खात्याचा हिशेब कोण देणार?

काही नवरे समजूत काढतात, "खातं माझं असलं तरी नॉमिनी तूच आहेस." त्यावरही विसंबू नका. साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निकाल दिला की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर वारसा कायद्याप्रमाणेच वाटले जातात.

आपल्यातल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, शेअर बाजार हा पैसेवाल्यांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या हिशेबाने चार गुंतवणूकदारांत साधारण एक बाई आहे. त्यातल्या किती जणींच्या हाती स्वतःचा ओटीपी आहे, हे आपणच गटागटांत विचारायला हवे. शिवाय साध्या एका शेअरलाही कंपनीच्या सभेत मत असते. २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातल्या मानेसरच्या ॲमेझॉनच्या गोदामात कामगारांना शपथ घ्यायला लावली की सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला किंवा लघवीला जाणार नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेतली. अशा धंद्यातल्या नफ्यावर आपले नाव लागणार असेल, तर हा नफा कुणाच्या घामाचा, हे विचारायचा अधिकारही आपल्याच हाती हवा. तो दिराच्या मोबाइलमध्ये कसा चालेल?

शेअर घ्या किंवा घेऊ नका, असे मी सांगत नाही. आमच्या गटाने इतकेच ठरवले आहे: वाचल्याशिवाय सही नाही. खाते माझे तर नंबर माझा, ओटीपी माझा. ज्यांची खाती आधीच उघडली आहेत त्यांनी नंबर बदलून घ्यायचा आणि खात्याचा उतारा गटात आणून सगळ्यांनी मिळून वाचायचा. आणि बाईचे दागिने तिला समोर बसवून, विचारून, तिची सही घेतल्याशिवाय गहाण घेऊ नयेत, अशी मागणी तालुक्यातल्या प्रत्येक पतसंस्थेकडे लेखी करायची.

पुढच्या बैठकीला मिरजगावची मैत्रीण उतारा घेऊन येणार आहे. माझी जाऊही येते म्हणाली आहे. घरात यावरून बोलणी बसणार, हे तिला माहीत आहे. तरीही ती येणार आहे.