बांधावरच्या करंजाचा हिशेब

पऱ्हाटी उपटून झाली, कडब्याची गंजी रचून झाली, की चैत्र-वैशाखात आपल्या शिवारात हिरवे काय उरते? बांधावरचा करंज. भर उन्हाळ्यात तो नवी पालवी काढतो आणि फिक्कट जांभळ्या-पांढऱ्या फुलांनी लदबदून जातो. सातेरी, फुलोरी, आग्या, साऱ्या मधमाश्यांचा तेथे सकाळपासून बाजार भरतो.

अशा झाडापासून मध किती, याचा हिशेब तज्ज्ञ असा मांडतात: एका फुलात दिवसाला किती मकरंद झरतो, त्यात साखर किती, झाडावर फुले किती, बहर किती दिवस. यांचा गुणाकार करायचा. मधात सुमारे ८० टक्के साखर असते. म्हणजे मकरंदातील ४ किलो साखरेमागे ५ किलो मध. ही रीत शास्त्राला धरून आहे. आमची तक्रार तिच्याबद्दल नाही.

तक्रार आहे ती हाच आकडा शेतकऱ्याचे उत्पन्न म्हणून सांगण्याबद्दल. तापलेल्या वाऱ्यात मकरंद आटतो. वळवाच्या एका सरीत बहर झडतो. जे गोळा होते त्यातला मोठा वाटा माश्यांच्या आणि त्यांच्या पिलांच्या पोटात जातो. उरेल तो आपला. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवरचा एकरी कापूस आणि आपल्या घरी आलेला कापूस यांतला फरक ज्यांनी भोगला, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून पेटी घेण्याआधी बारा महिन्यांचा हिशेब करा. उन्हाळ्यात करंज आणि निंब, पुढे कपाशी आणि बोर. ज्वारीच्या कणसावर पराग मिळतो, मकरंद नाही. मधल्या उपाशी दिवसांत साखरपाणी द्यावे लागते. नाही तर सातेरी पेटी सोडून जाते. फुलोऱ्यावरच्या फवारणीने माशी मरते. ते विष माणसालाही सोडत नाही, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली पाहिले आहे. आणि पेटी देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: मध कोण घेणार, कोणत्या भावाने?

करंज मात्र सरपणाच्या भावात विकू नका. उन्हाळ्यात त्याच्या फुलांवर जगलेल्या माश्याच पुढे सूर्यफूल, कारळे, करडईचे दाणे भरतात. त्या मजुरीची नोंद कोणत्याच हिशेबात नसते. आपल्या घामाची तरी कुठे असते?