पाणबुडी आपल्याही मुलखाची

पाणबुडीच्या जलावतरणाची बातमी आली की काटेवाडी-भवानीनगरच्या बाजूला एक आक्षेप हमखास निघतो: इथे उसाला पाणी नाही आणि तिकडे नारळ फोडून नाव देण्याचे सोहळे चाललेत. समुद्राशी आपला संबंध काय? पाण्याची तक्रार खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

जलावतरण म्हणजे नुसता दिखावा, हे मुळात खरं नाही. तो बांधणीतला एक टप्पा आहे, आणि त्यानंतरच खरी परीक्षा सुरू होते. 'अरिहंत' ही अणुपाणबुडी २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. तिची अणुभट्टी ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झाली आणि नौदलात ती दाखल झाली २०१६ साली, तीही गाजावाजा न करता. मधली सात वर्षं जोडणीत आणि चाचण्यांत गेली. याला दिखावा कसं म्हणायचं?

'खांदेरी' हे पाणबुडीचं नाव अलीकडच्या राजकारणातून आलं, असंही ऐकू येतं. माझगाव गोदीत बांधलेली खांदेरी २०१९ साली दाखल झाली, हे खरं. पण पहिली खांदेरी ६ डिसेंबर १९६८ रोजी सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात नौदलात आली होती. जुनी नौका निवृत्त झाली की तिचं नाव नव्या नौकेला देतात, ही नौदलाची रीत आहे. शिवरायांनी १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांना न जुमानता थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला उभारला. खोल पाण्यात दडून लढणाऱ्या नौकेला त्याच्याहून योग्य नाव मला तरी सुचत नाही.

आता आपला संबंध. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी 'शाल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजी दाखल झाली, तेव्हा संरक्षणमंत्री काटेवाडीचे शरद पवार होते. त्याहून मोठा धागा इंदापूर तालुक्यात आहे. जंक्शन गावावरून आत वळलं की वालचंदनगर लागतं. अरिहंतच्या अणुभट्टीला जोडलेली वाफेची टर्बाइन यंत्रणा तिथल्या कारखान्याने पुरवली. ज्यांच्या नावाचं हे गाव, त्या वालचंद हिराचंदांनीच विशाखापट्टणमची गोदी उभारली होती आणि तिथून १९४८ साली 'जलउषा' ही बोट पाण्यात उतरली.

म्हणून सोहळे बंद करा, ही मागणी सोडून द्या. पुढच्या जलावतरणाला वालचंदनगरचे फिटर आणि वेल्डर पहिल्या रांगेत बसले पाहिजेत, हे आपल्या खासदारांनी संसदेत मागावं.