विश्लेषण : ‘विंडोज १०’चे अपडेट थांबले; घरातला जुना संगणक भंगारात काढायचा का?

शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, पीक विमा, टायपिंगचा सराव... मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावात घरच्या एका संगणकावर किती तरी कामे अवलंबून असतात. तो जुना झाला, अडखळू लागला की ‘आता नवाच घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. ‘विंडोज १०’चा आधार संपल्याने या सल्ल्याला आणखी जोर आला. पण संगणक खरोखर निकामी झाला आहे का, हे आधी तपासले तर काही हजार रुपये वाचू शकतात.

नेमके काय बदलले?

मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्ये आणलेल्या ‘विंडोज १०’ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नियमित सुरक्षा अपडेट देणे बंद केले. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही आणि पडणारही नाही. मात्र प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जाणार नाहीत. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, आधार-पॅनच्या प्रती ठेवल्या जातात, तिथे हा धोका मोठा आहे. घरगुती वापरकर्त्यांना वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणीची सोय आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

जुन्या संगणकावर ‘विंडोज ११’ का चालत नाही?

‘विंडोज ११’साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचे बहुतांश आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाहीत. त्यामुळे २०१६-१७ मध्ये घेतलेला, ठणठणीत चालणारा लॅपटॉपही अधिकृतपणे अपात्र ठरतो. अटी चुकवून बसवलेल्या किंवा ‘क्रॅक’ केलेल्या प्रती मिळतात. पण ज्या सुरक्षेसाठी खटाटोप करायचा, तीच अशा प्रतींमुळे धोक्यात येते.

दोष यंत्राचा की प्रणालीचा, हे कसे ओळखावे?

‘लिनक्स मिंट’सारखी मोफत प्रणाली ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करता येतो. याला ‘लाइव्ह’ पद्धत म्हणतात. ‘इन्स्टॉल’ केल्याशिवाय हार्ड डिस्कवरील मजकुराला धक्का लागत नाही. अशा वेळीही संगणक अडकला किंवा आपोआप बंद पडला, तर दोष बहुधा रॅम, उष्णता किंवा वीजपुरवठ्याचा. तो सुरळीत चालला, तर संशय हार्ड डिस्क किंवा विंडोजवर जातो. हार्ड डिस्कची तब्येत मिंटमधल्या ‘डिस्क्स’ या साधनात दिसते.

काही दोष लक्षणांवरूनच कळतात. पंखा फिरतो पण पडदा काळा राहतो, तेव्हा वायर काढून रॅमची पट्टी बाहेर घ्यावी, तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसावीत आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. दर वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा ‘सीआर २०३२’ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तारीख चुकली की बँकेची संकेतस्थळेही ‘असुरक्षित’ दिसू लागतात. भर उन्हाळ्यात संगणक बंद पडत असेल, तर आधी पंख्यात साचलेली धूळ काढावी. फक्त पॉवर सप्लायचा डबा घरी उघडू नये; वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहू शकते.

लिनक्स हा पर्याय कितपत?

ब्राउझर, पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, व्हिडीओ यांसाठी तो पुरेसा आहे. ‘मिंट २२’ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, ४ जीबी रॅमवर त्याची हलकी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती चालते. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर फरक लगेच जाणवतो. लिनक्सचा असा वापर नवा नाही. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स अनेक वर्षांपासून शिकवण्यासाठी वापरले जाते. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबंटूवर आधारित ‘माया’ ही प्रणाली स्वीकारली.

कुठे अडते?

वायफाय दिसले नाही, तर मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे आणि ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये ड्रायव्हर शोधावा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले, तर घड्याळ साडेपाच तासांनी चुकते. लिनक्स संगणकातली वेळ जागतिक वेळ मानते आणि विंडोज भारतीय, म्हणून हा घोळ होतो. बिघाड म्हणून दुकानात धाव घेण्याची गरज नाही. मराठी टंकलेखन इनस्क्रिप्ट कळफलकाने होते, मात्र ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

खरी अडचण वेगळी आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, ठसे घेणारी यंत्रे, हिशेबाची काही सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोजसाठी बनलेली आहेत. सेवा केंद्र चालवणाऱ्याने किंवा टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्याने त्यामुळे घाईने बदल करू नये. आपले काम लिनक्सवर होते का, हे आधी विचारून घ्यावे.

मग काय करावे?

आधी छायाचित्रे, कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, कारण नवी प्रणाली बसवताना जुना मजकूर पुसला जाऊ शकतो. मग आठवडाभर पेनड्राइव्हवरून लिनक्स वापरून पाहावे. प्रिंटर, आवाज, कॅमेरा तपासावा. सगळे जमले तरच ते बसवावे. किचकट दुरुस्तीसाठी वाशीम किंवा अकोला गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. त्याआधी नेमका दोष माहीत असेल, तर दुकानदाराला ‘संगणक बिघडला’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘रॅम बदला’ असे सांगता येते. खर्च आटोक्यात राहतो तो तिथेच.