आधी करंजाकडे बघा

परवाच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती. विषय काय, तर गेटजवळ लावायचे दोन 'पाइन'. नर्सरीवाल्याने दाखवलेला फोटो झक्कास होता, थेट मनालीची आठवण यावी असा. पण तो पाइन नव्हेच! तो अरोकेरिया, आपण ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतो तो. मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. आपला देशी पाइन म्हणजे चीड, आणि तो वाढतो हिमालयात. पुण्यात त्याचं काय काम?

मी हे ज्ञान पाजळत असताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, आधी त्या करंजाकडे बघ की!"

मी गप्प. कारण तीन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. करंजाची फुलं गाड्यांवर पडतात, पावसात चिखल होतो, वगैरे वगैरे. पार बुंध्यापर्यंत काँक्रीट गेलं. आता झाडाची एक अख्खी फांदी वाळली आहे.

झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. वरून काँक्रीट ओतलं की दोन्ही बंद. झाड लगेच मरत नाही, म्हणून आपल्याला काही वाटत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात फांदी कोसळते आणि आपणच म्हणतो, झाड धोकादायक होतं!

महाराष्ट्रात झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना 'हेरिटेज' म्हटलं. चांगलंच झालं. पण आमचा करंज असेल तीसेक वर्षांचा. त्याला पन्नाशी गाठू देणार कोण? ते काम सोसायटीचंच ना?

"एक गेलं तर दहा लावू" हेही मला आता पटत नाही. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागतं, आणि गाडीवर सावली पडायला वर्षानुवर्षं जातात. नीट चालणारी सिस्टीम बंद पाडून नवी लिहायला घेणारे आमच्या क्षेत्रातही असतात. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच :)

दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आम्हीही तेवढंच करणार आहोत. येत्या शनिवारी, मुळांना धक्का न लावता, हळूहळू. पहार काकू देणार आहेत. करंज जगेलच असं नाही, पण चूक माझी आहे, तेव्हा घाम मीच गाळायला हवा.

असो. आज खाली उतराल तेव्हा तुमच्या पार्किंगमधल्या झाडाकडे एकदा बघा. बुंध्याभोवती माती दिसते का?