अकरा टक्के

आमच्याकडे बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला एक जुनी विद्या चालते. उत्तर आधी ठरवायचे आणि रीडिंगे मागाहून पाडायची. मीही पाडली आहेत. लंबकाच्या प्रयोगात g ९८० च्या आसपास आला की जर्नलवर सही. ९६० आला की 'पुन्हा करा'. मग खरे लिहील कोण?

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेविषयी वाचताना ही गोष्ट मला फार बोचली. तिथे २७ किलोमीटर परिघाच्या नळीत प्रोटॉनांचा झोत सेकंदाला ११,००० हून अधिक फेऱ्या मारतो. त्याचा प्रवाह मोजायचा कसा? ॲमीटर जोडायला तार आहे कुठे? वाटेत धातूचा पेला ठेवून विद्युत्‌भार पकडता येतो, पण मग झोतच संपला. ताकाची चव बघायला सगळी घागर उपडी करावी, तसे ते! नळीभोवती कडे घालून ट्रान्सफॉर्मर करावा, तर स्थिर प्रवाह ट्रान्सफॉर्मरला दिसत नाही, हे आपण बारावीतच शिकलो.

सर्नच्याच क्लाउस उन्सर यांनी १९६९ मध्ये यावर तोडगा प्रसिद्ध केला. दोन चुंबकीय कडी एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी संपृक्त करीत राहायची. झोत नसेल तर दोहोंचा तोल जमतो, झोत आला की तो ढळतो. मग कड्यांवरच्या वेटोळ्यातून उलटा प्रवाह सोडून तोल पुन्हा शून्यावर आणायचा. सोडलेल्या प्रवाहावरून झोताचा प्रवाह कळतो, आणि झोताला धक्काही लागत नाही. शून्य गाठायची ही रीत म्हणजे आपला पोटेन्शिऑमीटरच की! इंदूरच्या इंडस-२ मधल्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाहही याच जातीच्या उपकरणाने मोजतात.

इतके करूनही २०१० मध्ये टकरींचा हिशेब मांडताना सर्नच्या ॲटलास गटाने आपली अनिश्चितता ११ टक्के असल्याचे छापले. तीत सर्वांत मोठा वाटा प्रवाहाच्या मोजमापाचा, हेही सांगून टाकले. कुणी 'पुन्हा करा' म्हणाले नाही. काही मंडळी त्या एकाच मोजमापाच्या मागे लागली आणि २०११ च्या हिशेबात तो वाटा एका टक्क्याच्या आत आला. आकडा पाडला असता, तर दुरुस्त काय करणार होते?

म्हणून गुरुजनांना विनंती, ९६० वर सही द्या. मात्र चूक कुठून आली हे तोंडी परीक्षेत खोदून विचारा आणि गुण त्याला ठेवा. परवा मी दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न धरता गाठीपर्यंतच धरली होती. तेवढे जर्नलात लिहिले आहे, ९६० सुद्धा खोडलेला नाही. सही अजून व्हायची आहे.